निरीक्षण आणि विश्वास : व्यसनोपचारातील पर्यवेक्षणविषयक एका मार्गदर्शिकेची चिकित्सा

व्यसनोपचार केंद्रातील समुपदेशकाचे काम बंद दाराआड चालते. आत काय बोलले गेले, हे रुग्ण आणि समुपदेशक या दोघांनाच ठाऊक असते. पर्यवेक्षकापर्यंत पोहोचतो तो समुपदेशकाने नंतर सांगितलेला वृत्तांत. या वृत्तांतावर विसंबून राहण्याच्या रूढ प्रथेला अमेरिकेतील 'साम्सा' या शासकीय यंत्रणेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपचार-मार्गदर्शिकेने छेद दिला. मालिकेतील हा ५२ वा ग्रंथ व्यसनविषयक समुपदेशकांच्या पर्यवेक्षणाला वाहिलेला आहे. डेव्हिड पॉवेल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात मांडलेल्या संमिश्र प्रतिमानाचा ठसा त्यावर स्पष्ट दिसतो. प्रत्यक्ष निरीक्षण, म्हणजे सत्रात बसणे, ध्वनिमुद्रण ऐकणे किंवा चित्रफीत पाहणे, हाच या क्षेत्राचा प्रमाणित मार्ग असावा, हा मार्गदर्शिकेचा मध्यवर्ती आग्रह होय.

हा आग्रह निराधार नाही. विल्यम मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यसनोपचारातील १४० परवानाधारक व्यावसायिकांना प्रेरणात्मक मुलाखततंत्राचे प्रशिक्षण निरनिराळ्या पद्धतींनी देण्यात आले होते. कार्यशाळेच्या जोडीला प्रत्याभरण किंवा वैयक्तिक मार्गदर्शन मिळाले, तेथे प्रशिक्षणोत्तर कौशल्य अधिक वाढल्याचे आढळले. मात्र पर्यवेक्षणाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच आहे. समुपदेशकांनी स्वतःच्या कौशल्याविषयी दिलेला अभिप्राय आणि ध्वनिफितींतून दिसलेले प्रत्यक्ष कौशल्य यांचा परस्परसंबंधच आढळला नाही. येथे कोणी जाणूनबुजून खोटे बोलत होते, असे मानण्याचे कारण नाही. माणसाला आपले बोलणे बाहेरून ऐकू येत नाही, एवढेच. शिक्षकी पेशातील वाचकांना ही बाब अपरिचित वाटू नये.

तथापि मार्गदर्शिकेची खरी कसोटी निरीक्षणाच्या पुढे लागते. तिने पर्यवेक्षकाला शिक्षक, सल्लागार, प्रशिक्षक आणि आदर्श मार्गदर्शक अशा चार भूमिका दिल्या आहेत. शिवाय प्रशासन, मूल्यमापन, नैदानिक कार्य आणि आधार ही चारही अंगे त्याच्याच कक्षेत येतात. ज्याच्यापाशी मन मोकळे करायचे, वार्षिक मूल्यमापनावर स्वाक्षरी करणाराही तोच. अनेक संस्थांत या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच व्यक्तीकडे असतात, हे मार्गदर्शिका मान्य करते आणि भूमिकांविषयी स्पष्टता राखण्याचा सल्ला देते. हा सल्ला अपुरा आहे. पर्यवेक्षकाने आपण कोणत्या नात्याने बोलत आहोत हे कितीही स्पष्ट केले, तरी ऐकणाऱ्यासमोर माणूस एकच असतो.

ही अपूर्णता सर्वांत तीव्रतेने जाणवते ती स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्या समुपदेशकाच्या बाबतीत. अमेरिकेच्या व्यसनोपचार क्षेत्रात अशा समुपदेशकांची परंपरा दीर्घ आहे. समजा, अशा एखाद्या व्यक्तीला काही आठवड्यांपासून पुन्हा पिण्याची ओढ जाणवू लागली आहे. रुग्णाने हीच गोष्ट सांगितली असती, तर समुपदेशकाने ती प्रगतीची खूण मानली असती आणि १९७० च्या दशकातील कायद्यांवर आधारलेल्या संघीय गोपनीयता-नियमांचे संरक्षणही रुग्णाला मिळाले असते. ते नियम रुग्णाच्या नोंदींसाठी आहेत. समुपदेशकाने कर्मचारी या नात्याने पर्यवेक्षकापाशी दिलेली कबुली त्यांच्या कक्षेत येत नाही. पर्यवेक्षण म्हणजे उपचार नव्हे; वैयक्तिक अडचणीचा रुग्णसेवेवर काय परिणाम होतो, तेवढेच पाहावे आणि गरज भासल्यास बाहेरील साहाय्याकडे पाठवावे, ही मार्गदर्शिकेची भूमिका तत्त्वतः योग्यच आहे. परंतु जेथे रिलॅप्स म्हणजे नोकरी गमावणे असा संस्थेचा संकेत असतो, तेथे समुपदेशक गप्प बसणेच पसंत करतो. मग ध्वनिफितीतून त्याचे मुलाखततंत्र तपासले जाते. जे सर्वप्रथम कळायला हवे होते, ते मात्र कळतच नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा मुद्दा दूरचा नाही. डॉ. अनिता व अनिल अवचट यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात १९८६ मध्ये उभ्या राहिलेल्या मुक्तांगण केंद्राने व्यसनमुक्त झालेल्या रुग्णमित्रांना कार्यकर्ते म्हणून सामावून घेतले. त्यामागे सहानुभूतीइतकीच व्यवहारदृष्टीही होती. नव्याने दाखल झालेला रुग्ण पदवीपेक्षा अनुभवावर लवकर विश्वास ठेवतो. अशा व्यवस्थेत पर्यवेक्षण म्हणजे केवळ कौशल्याची तपासणी राहत नाही. कार्यकर्त्याची स्वतःची व्यसनमुक्ती जपणे हाही त्याचाच भाग होतो. मार्गदर्शिकेने गृहीत धरलेली बाह्य साहाय्ययोजना येथील लहान केंद्रांना उपलब्ध असेलच असे नाही. 'बाहेर पाठवा' हा सल्ला पाळायचा म्हटले, तर पाठवायचे कोठे, हा प्रश्न उरतो.

मार्गदर्शिकेतील आठ प्रसंगकथांपैकी एक सहकाऱ्यांतूनच पर्यवेक्षक नेमण्याविषयी आहे. पदोन्नतीने मैत्रीत येणारा अवघडलेपणा तिने जाणकारीने हाताळला आहे. जेथे पर्यवेक्षक आणि कार्यकर्ता दोघेही एकेकाळी एकाच वॉर्डात शेजारच्या खाटांवर होते आणि एकमेकांच्या पहिल्या रात्री ज्यांनी पाहिल्या आहेत, तेथे मूल्यमापनाचा कागद कोणी कोणापुढे ठेवायचा, या प्रश्नाला मात्र ती प्रसंगकथा स्पर्शही करत नाही.