आहेराचे भांडे आणि अलंकरणाची कसोटी

धातूच्या हस्तकलेचा विचार करताना उपयुक्त वस्तू आणि शोभेची वस्तू असे दोन वर्ग पाडण्याची रीत रूढ झाली आहे. पहिल्या वर्गाचा विचार अर्थशास्त्राने करावा आणि दुसऱ्याचा कलासमीक्षेने, अशी ही वाटणी होय. घरच्या कारखान्यात हाताने घडविलेल्या आणि भेट म्हणून दिल्या जाणाऱ्या वस्तूच्या बाबतीत मात्र ही वाटणी टिकत नाही. ती का टिकत नाही, हे पाहिले म्हणजे अशा वस्तूंच्या मूल्यमापनाची कसोटीही हाती लागते.

बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा या गावाचे उदाहरण घेता येईल. तालुक्याचे ठिकाण असलेले खामगाव चांदीच्या व्यापारामुळे ‘रजतनगरी’ म्हणून ओळखले जाते. वऱ्हाडातील अशा गावांत तांब्यापितळेची किंवा चांदीची वस्तू घरात येण्याचा एक प्रमुख मार्ग म्हणजे लग्नातील आहेर. तांब्या, परात, घागर, समई यांवर देणाऱ्याचे नाव घालण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. बारीक छिन्नीने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले ते नाव हे भेटीचे लेखी प्रमाण असते. परंतु ते भांड्याच्या वापराच्या आड येत नाही. उलट, वर्षानुवर्षे राखेने आणि चिंचेने घासले गेल्याने ते हळूहळू पुसट होत जाते. भेटीची स्मृती आणि वस्तूचा उपयोग एकाच पृष्ठभागावर नांदतात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

हस्तकलेवरील प्रमाणभूत लेखनात या वस्तूला नेमके स्थान मिळालेले नाही. बेळगावात जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली भारतीय औद्योगिक कलांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आनंद कुमारस्वामी यांचा भारतीय कारागिरावरील ग्रंथ १९०९ सालचा. दोघांच्याही विवेचनात स्वयंपूर्ण ग्रामसंस्था आणि तिच्या आश्रयाने जगणारा वंशपरंपरागत कारागीर यांचे आदर्श चित्र मध्यवर्ती आहे. त्र्यं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली निघाला. आत्रे यांनी त्याच व्यवस्थेतील उणिवा परखडपणे दाखविल्या. भूमिका परस्परविरुद्ध असल्या, तरी कारागिराकडे गावाच्या चौकटीतून पाहण्याची दृष्टी दोन्हीकडे समान आहे. भांडी घडविणारा तांबट मात्र बहुधा पेठेत राहिला. त्याचे गिऱ्हाईक बलुत्याने बांधलेले नव्हते. ते लग्नसराईत येई, वजन करून घेई आणि रोख मोल देई. म्हणजेच आहेराची वस्तू पूर्वीपासूनच बाजाराची वस्तू होती. बाजारामुळे कलेचा ऱ्हास झाला, एवढे एकच कारण पुढे करणारी टीका येथे अपुरी पडते.

या दृष्टीने पुण्याची तांबट आळी विशेष अभ्यसनीय आहे. पेशवेकाळात पुण्यात स्थिरावलेल्या तांबटांच्या वस्तीत राहते घर आणि कारखाना यांची सांगड दीर्घकाळ राहिली. बंब, घंगाळ, हंडा ही तेथील ठळक घडण. तांब्याचा पत्रा ठोकताना कठीण होत जातो आणि पुढे फाटण्याचा संभव निर्माण होतो. म्हणून तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. आकार पूर्ण झाल्यावर मात्र भांडे मऊ राहून चालत नाही. तेव्हा गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने शेजारीशेजारी, सारख्या अंतरावर ठोके देत सर्व पृष्ठभाग मठारला जातो. या मठारकामाने धातूला ताठपणा येतो, भांडे सहजासहजी चेपत नाही, आणि त्याच ठोक्यांतून उजेड खेळविणारी खवल्यांसारखी नक्षी उमटते. येथे अलंकरण वस्तूवर मागाहून चढविलेले नाही. ते घडणीच्या अखेरच्या आवश्यक क्रियेचे दृश्य रूप आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टीलने तांब्यापितळेची स्वयंपाकघरातील जागा घेतली. कल्हईची गरज संपली आणि तांबटाचे गिऱ्हाईक ओसरले. अलीकडे दिव्यांच्या छत्र्या, तबके, वाडगे अशा भेटवस्तूंकडे हा व्यवसाय काही प्रमाणात वळला आहे. या वळणाला नुसते अधःपतन म्हणणे अन्यायाचे होईल. त्यामुळे हातोडा धरणारा हात कामावर राहिला. तथापि, येथेच समीक्षेने सावध राहिले पाहिजे. साच्यात दाबून उठविलेले खळगे दुरून मठारकामासारखे दिसतात. त्यांत ठोक्याचा आभास असतो. पृष्ठभाग ठोक्याठोक्याने घट्ट करणारी क्रिया नसते. तांबे काळवंडू नये म्हणून दिलेला पारदर्शक लेप वस्तूला घासण्यापासून सोडवतो, पण त्याचबरोबर तिला रोजच्या हाताळणीपासूनही दूर नेतो.

या विवेचनावर बिदरीकामाचा आक्षेप घेतला जाईल. जस्तप्रधान मिश्रधातूत बसविलेली चांदीची नक्षी भांड्याला बळकटी देत नाही. मग ती केवळ शोभाच नव्हे काय? परंतु नवसागर आणि विशिष्ट माती यांच्या लेपाने मूळ धातू काळा पडतो आणि चांदी तशीच उजळ राहते. म्हणजे नक्षीचे दिसणे दोन धातूंच्या भिन्न स्वभावावर अवलंबून असते. या आक्षेपाने कसोटी मोडत नाही. ती अधिक व्यापक होते. अलंकरण भांड्याला बळ देते की नाही, एवढाच प्रश्न नसून ते धातूच्या स्वभावातून आणि घडणीच्या क्रियेतून निष्पन्न होते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

तेव्हा भेट म्हणून विकली जाणे हा वस्तूचा दोष नव्हे. आहेराच्या परंपरेने ते केव्हाच सिद्ध केले आहे. दोष उद्भवतो तो ठोक्याचे कार्य संपून केवळ त्याची खूण उरते तेव्हा. या भेदाची किंमत समीक्षकापेक्षा कारागिराला अधिक मोजावी लागते. खूण यंत्राने स्वस्तात काढता येते. आणि खूण व कार्य यांतील फरक घेणाऱ्याला कळेनासा झाला, तर हाताने मठारणाऱ्याला त्याच्या श्रमाचे मोल मागण्यास आधारच राहत नाही. तो फरक स्पष्ट शब्दांत मांडणे हे हस्तकलेच्या समीक्षेचे प्रथम कर्तव्य होय.