हौशी संग्राहक आणि पुरातत्त्वीय पुरावा : तेर येथील लामतुरे संग्रहाच्या निमित्ताने

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर, हे जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये प्रतिपादन केले. 'पेरिप्लस' या ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून कापड गाड्यांनी भडोचकडे जात असल्याचा उल्लेख आहे. या भूमीतील अवशेष प्रथम सातत्याने वेचले ते मात्र कोणा विद्यापीठाने नव्हे, तर तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. त्यांच्या संग्रहातूनच तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि त्यास त्यांचेच नाव आहे.

या कार्याचा गौरव पुष्कळ झाला. चिकित्सा त्या मानाने अल्पच झाली. संग्रहातील हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचे उदाहरण घ्यावे. तिचे पाँपेई येथे 1938 मध्ये सापडलेल्या प्रतिमेशी साम्य सांगितले जाते. पाँपेईची प्रतिमा इ. स. 79 च्या ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेल्याने तिची कालमर्यादा निश्चित आहे. तेरची प्रतिमा कोणत्या थरातून आली याची नोंद नाही. म्हणून तिचा काळ शैलीवरून, म्हणजे बव्हंशी पाँपेईच्याच आधारे ठरवावा लागतो. अशा प्रतिमेवरून पुन्हा पाँपेईच्या प्रतिमेचे मूळ दख्खनमध्ये शोधणे हे चक्राकार अनुमान होय. भोकरदनच्या 1973 च्या उत्खननात मिळालेली हस्तिदंती प्रतिमा खंडित असूनही या वादात अधिक वजनदार ठरते, ती याच कारणाने.

हा दोष एकट्या लामतुरे यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तेर येथे चापेकर यांचे उत्खनन झाले ते 1958 मध्ये. तोपर्यंत पावसाने उघड्या पडलेल्या आणि नांगराखाली येणाऱ्या वस्तू कोणी उचलल्या नसत्या तर त्या उरल्या असत्या काय? गोरोबाकाकांच्या या गावात खापराचे मोल कळणारा माणूस निघावा, हेही नवल नव्हे!

आज जिल्ह्यात इतिहासप्रेमींची स्वयंसेवी मंडळे उभी राहिली, तर त्यांनी संग्रहाचा मोह आवरावा. 1958 च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष कायद्यान्वये संरक्षित क्षेत्रात विनापरवाना उत्खनन करता येत नाही, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. वस्तू आहे तेथेच ठेवून शेताचा गट क्रमांक, खोली, सोबतची खापरे आणि छायाचित्र यांची नोंद करून ती पुरातत्त्व विभागास कळविली, तर लामतुरे यांच्या संग्रहात जे राहून गेले तेच नेमके हाती लागेल. या कामी इतिहास विभागातील विद्यार्थ्यांस एक नोंदवही आणि मोजपट्टी पुरेशी आहे.