पक्षिभ्रूणात संप्रेरकांचा अंमल कोठवर?

मूळ लिंग गुणसूत्रांनी ठरते व पुढील सारा देह संप्रेरके घडवितात, ही मांडणी इतकी सुटसुटीत आहे की तिची झडती घेण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. सस्तन प्राण्यांविषयी आल्फ्रेद जोस्त यांच्या सशांवरील प्रयोगांनी (१९४७) तिला बळ दिले. पक्ष्यांच्या पदरी मात्र ती बरीचशी न विचारताच पडली.

जननग्रंथीपुरती ती खरी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. नर भ्रूणास इस्ट्रोजेन दिल्यास त्याची डावी ग्रंथी अंडाशयासारखी होते, हे १९३५ मध्ये एतियेन व्होल्फ व जिंगलिंगर यांनी दाखविले. तथापि अंडे फुटल्यानंतर ती हळूहळू वृषणाकडे परतते. तेव्हा या प्रयोगास सर्रास ‘लिंगपरिवर्तन’ म्हणणे थोडे उतावळेपणाचेच. उलट दिशेचा प्रयोग अधिक भक्कम ठरला. १९९२ मध्ये एल्ब्रेख्ट व स्मिथ यांनी उबवणीच्या पाचव्या दिवशी मादी भ्रूणातील इस्ट्रोजेननिर्मिती रोखली. त्या माद्यांत वृषणे आली व त्या रूपाने आणि वागणुकीनेही कोंबड्यासारख्या झाल्या.

येथेच चूक होते. संप्रेरक काय करू शकते, हे या प्रयोगातून कळते. देहाचे लिंग केवळ तेच घडविते, हे मात्र त्यातून निघत नाही. २०२१ मध्ये डीएमआरटी१ या जनुकाची एक प्रत निकामी केलेल्या झेड-झेड कोंबड्यांत अंडाशये निर्माण झाली, पण बाह्य देह नराचाच राहिला. हा पुरावा महत्त्वाचा खरा. परंतु ते अंडाशय प्रौढपणी सामान्य कोंबडीच्या अंडाशयाप्रमाणेच कार्य करते असे गृहीत धरल्यावाचून त्यावर सारा भार टाकता येत नाही.

माझ्या मते निर्णायक साक्ष २०१० मध्ये एडिनबरोच्या रॉझलिन संस्थेतून प्रसिद्ध झालेल्या अर्धनर-अर्धमादी कोंबड्यांची आहे. त्यांच्या एका बाजूस नराची मोठी गलूल, भरदार छाती व पायाचा काटा, तर दुसरी बाजू मादीची. दोन्ही बाजूंच्या पेशींना पोचणारे रक्त एकच, म्हणजे संप्रेरकेही तीच. नराच्या बाजूस झेड-झेड व मादीच्या बाजूस झेड-डब्ल्यू पेशींचे आधिक्य आढळले. कोणत्याही इंजेक्शनाच्या प्रयोगात ही समता साधता येत नाही. त्याच संशोधनात जननग्रंथी तयार होण्यापूर्वीच नर व मादी भ्रूणांच्या जनुकक्रियेत भेद दिसला; त्या वेळी ग्रंथीच नसल्याने तिच्या संप्रेरकाकडे बोट दाखविता येत नाही.