रक्तदात्यांच्या एच.आय.व्ही. चाचणीची अचूकता : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक चिकित्सा

भारतात एच.आय.व्ही. संसर्गाची पहिली नोंद १९८६ साली चेन्नई येथे झाली आणि १९८९ मध्ये रक्तपेढ्यांतील रक्ताची एच.आय.व्ही. तपासणी बंधनकारक करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदानही बंद झाले. या सुधारणांचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र त्यांतून ‘तपासलेले रक्त म्हणजे निर्दोष रक्त’ असा जो समज रूढ झाला, त्याची चिकित्सा होणे आवश्यक आहे.

एलायझा चाचणी मूलतः विषाणूचा नव्हे, तर शरीराने त्याविरुद्ध निर्माण केलेल्या प्रतिपिंडांचा शोध घेते. प्रतिपिंड तयार होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. चौथ्या पिढीच्या चाचण्या विषाणूचे प्रतिजनही ओळखतात, त्यामुळे हा काळ सुमारे एक आठवड्याने घटतो. ‘नॅट’ चाचणीने तो आणखी कमी होतो, परंतु शून्य होत नाही. २०२२ मध्ये नागपूर येथे रक्तसंक्रमण घेणाऱ्या चार थॅलेसेमियाग्रस्त बालकांना एच.आय.व्ही. संसर्ग झाल्याचे उघडकीस आले. त्यांपैकी एक दगावले. त्या वेळी ‘नॅट’ देशात बंधनकारक नव्हती. चंद्रपूर-गडचिरोलीतील आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यातील काही रुग्णांना आयुष्यात अनेकदा रक्त घ्यावे लागते. एका पिशवीबाबत नगण्य वाटणारा धोका त्यांच्या बाबतीत पिशवीगणिक वाढत जातो.

चाचणीच्या दुसऱ्या प्रकारच्या चुकीकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. समजा, दहा हजार रक्तदात्यांपैकी वीस जण खरोखर बाधित आहेत आणि चाचणीची विशिष्टता ९९.५ टक्के आहे. वीसही बाधित सापडले असे मानले, तरी त्यांच्यासोबत सुमारे पन्नास निरोगी दातेही ‘रिॲक्टिव्ह’ ठरतील. म्हणजे दर सात ‘रिॲक्टिव्ह’ दात्यांमागे पाच जण निरोगी असतील. पिशवी टाकून देण्यास एक चाचणी पुरेशी असते. ते योग्यच आहे. एक पिशवी वाया गेल्याने कोणाचे आयुष्य उद्ध्वस्त होत नाही. माणसाला बाधित ठरविण्यासाठी मात्र राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे वेगवेगळ्या पद्धतींच्या तीन चाचण्या सांगतात. रक्तपेढीचा अहवाल आणि निदान यांतील हे अंतर व्यवहारात पुसले जाते.

वनप्रदेशात ते अंतर अक्षरशः किलोमीटरमध्येही मोजावे लागते. भामरागड व सिरोंचा ही तालुक्याची गावे गडचिरोलीपासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहेत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. नातेवाइकासाठी रक्त देऊन गावी परतलेल्या माडियाभाषक दात्याला पुष्टी-चाचणीसाठी पुन्हा बोलावणे, तेही गावात चर्चा होऊ न देता, ही बाब प्रयोगशाळेच्या अचूकतेत मोजली जात नाही. शिवाय नातेवाइकाच्या निकडीपोटी आलेला दाता प्रश्नावलीतील जोखमीच्या वर्तनाविषयीच्या प्रश्नांना मोकळेपणाने उत्तरे देईल, ही अपेक्षाही भाबडी आहे.

२०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्याने चाचणीसाठी संमती आवश्यक मानली, परंतु परवानाधारक रक्तपेढीतील तपासणीला त्यातून सूट दिली. रक्ताच्या सुरक्षिततेसाठी ही सूट समर्थनीय आहे. तथापि तिच्यामुळे दात्याचे संरक्षण केवळ गोपनीयता आणि चाचणीनंतरचे समुपदेशन यांवर येऊन ठेपते. म्हणून रक्तपेढीच्या वार्षिक अहवालात किती पिशव्या नाकारल्या एवढेच नोंदवून भागणार नाही. ‘रिॲक्टिव्ह’ ठरलेल्यांपैकी किती दाते समुपदेशन केंद्रापर्यंत पोहोचले आणि त्यांतील किती जण पुष्टी-चाचणीत निरोगी निघाले, हे दोन आकडेही त्याच रकान्याशेजारी असावयास हवेत.