कॅमेरा दिसला की संशय

आज आपल्याला एक पोस्टर वाचायचं आहे. हो, वाचायचंच, पुस्तक वाचतो तसं. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी २००८ साली दहशतवादविरोधी मोहिमेत ते काढलं. आशय असा की रोज हजारो लोक फोटो काढतात. त्यातला एखादा विचित्र वाटला तर आम्हाला कळवा.

आमचा आक्षेप 'विचित्र' या शब्दाला आहे. विचित्र म्हणजे नेमकं काय, हे पोस्टर सांगत नाही. ते तुमच्या-आमच्या नजरेवर सोडून देतं. आता बघा, विमानतळाच्या कुंपणाशी थंडीत चार-चार तास उभं राहायचं, विमानांचे फोटो काढायचे, शेपटीजवळचे नोंदणी क्रमांक वहीत उतरवायचे, हा इंग्लंडमधला जुना छंद आहे. ज्याला तो माहीत नाही त्याला हा माणूस विचित्रच वाटणार!

या नजरेची किंमत किती असते? नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथल्या हवाई तळावर लोकांसाठी खुला दिवस होता. तिथे गेलेले बारा ब्रिटिश आणि दोन डच छांदिष्ट हेरगिरीच्या संशयावरून पकडले गेले. काही आठवडे तुरुंगात काढले. एप्रिल २००२ मध्ये ते दोषी ठरले, आठ जणांना तर तीन वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अपिलात निर्दोष सुटका झाली. क्रमांकांच्या वह्यांवरून एवढं रामायण घडलं. छंदाची वही न्यायालयात हेराची वही म्हणून वाचली गेली.

ब्रिटनमध्ये तर या नजरेला कायद्याचंच बळ होतं. २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या ४४व्या कलमाखाली, ठरवून दिलेल्या भागात, पोलीस कसलंही संशयाचं कारण नसताना झडती घेऊ शकत. २००९-१० या एका वर्षात एक लाखाहून जास्त लोकांना असं थांबवलं गेलं. त्यातून दहशतवादाच्या गुन्ह्यासाठी अटक किती जणांना? एकालाही नाही. जानेवारी २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हे अधिकार खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग करतात असं ठरवलं.

कुणी म्हणेल, सुरक्षा नको का? हवी ना. आपल्याकडे पुण्याचा लोहगाव हवाई दलाचा, गोव्याचा दाबोळी नौदलाचा. तिथे फोटो काढू नका म्हणतात, ते आम्हाला पटतं. कारण ती बंदी जागेवर आहे. पाटी दिसते, नियम कळतो, तो चुकीचा वाटला तर त्यावर भांडताही येतं. पोस्टर मात्र जागेकडे नाही, माणसाकडे बोट दाखवतं. 'तू विचित्र दिसतोस' यावर अपील कुठे करायचं?

गंमत म्हणजे त्याच पोलिसांची मार्गदर्शक सूचना सांगते की सार्वजनिक जागी फोटो काढायला परवानगी लागत नाही आणि झडतीत फोटो पुसून टाकायचा अधिकार पोलिसांना नाही. पोस्टरच्या एका कोपऱ्यात हीच दोन वाक्यं छापली असती, तर ते लोकांना घाबरवणारं न राहता शहाणं करणारं झालं असतं. कुंपणाशी उभ्या माणसाला 'साहेब, कोणत्या कलमाखाली?' एवढं शांतपणे विचारता आलं असतं. आणि विचारणं हा गुन्हा नाही, हे साहेबांनाही आठवलं असतं.