सातारा जिल्ह्यातील स्थलनामे : व्युत्पत्ती आणि लोकव्युत्पत्ती

ग्रामनामांविषयीच्या स्थानिक लेखनात आख्यायिका आणि पुरावा यांची सरमिसळ वारंवार आढळते. सातारा जिल्ह्यातील उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. कराडचे प्राचीन रूप 'करहाटक'. भारहुतच्या शिलालेखांतील 'करहकट' हे नावही अभ्यासक याच नगराचे मानतात. 'ट'चा 'ड' झाला, अंत्य 'क' लोपला आणि 'कऱ्हाड' हे रूप सिद्ध झाले, असा क्रम येथे दाखवता येतो. याउलट वाई म्हणजे महाभारतातील विराटनगरी, ही समजूत 'विराट'पासून 'वाई' कसे झाले हे सांगत नाही. तरीही ती टाकाऊ नाही. गावाला आपला भूतकाळ कसा असावासा वाटतो, हे तिच्यातून कळते.

मात्र अशा गौरवकथा जपणारे लेखन गावकुसाबाहेरील वस्त्यांच्या नावांविषयी बहुधा मौन बाळगते. जातिवाचक वस्तीनावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तो न्याय्यच आहे. परंतु नाव गेले म्हणून ते लादणाऱ्या व्यवस्थेची नोंद पुसली जाऊ नये. नव्या नावासोबत जुने नाव आणि बदलाचे कारण नोंदवून ठेवणे, हे स्थलनामांच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.