सनदेतील अपवाद

डेबियन या संगणक-प्रणालीची सामाजिक सनद १९९७ सालची. तिच्या पहिल्या कलमात प्रणाली संपूर्णपणे मुक्त राहील असे वचन आहे; चौथ्यात वापरणारांचे हित आणि मुक्त सॉफ्टवेअर ही दोन्ही दैवते एकाच देव्हाऱ्यात बसविली आहेत. त्यांचे पटेनासे झाले तर काय करावे, हाच खरा प्रश्न.

ज्या घरी इंटरनेट दुर्मिळ, तेथेच हा प्रश्न उभा राहिला. वायफायच्या अनेक यंत्रांना चालण्यासाठी फर्मवेअर लागते. ते बहुधा निर्मात्या कंपनीचे असते; त्याच्या प्रती वाटण्याची मुभा मिळते, परंतु मूळ आज्ञावली पाहण्याची वा सुधारण्याची नाही. २०११ च्या आवृत्तीत असे फर्मवेअर कर्नेलमधून वेगळे काढले गेले. सोवळे पाळले गेले खरे. पण फर्मवेअर आणावयाचे तर इंटरनेट हवे, आणि इंटरनेट हवे तर फर्मवेअर! किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप, अशी गत झाली. फर्मवेअरसह अनधिकृत प्रती मिळत असत; पण त्या जाणत्यालाच सापडत.

ऑक्टोबर २०२२ च्या मतदानाने पाचव्या कलमास एक वाक्य जोडले गेले: अधिकृत माध्यमांत असे फर्मवेअर ठेवता येईल, मात्र ते प्रणालीचा भाग नव्हे. जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून तसा व्यवहार सुरू झाला. हा अपवाद कायद्याच्या दृष्टीने चोख आहे. पहिले कलम अबाधित राहिले आणि गरजू माणूसही दारातून विन्मुख गेला नाही. ज्याला हे फर्मवेअर नको, त्यास आरंभीच ते नाकारण्याची सोयही ठेविली आहे.

तथापि एक उणीव आम्हांस खटकते. निखळ मुक्त अशी निराळी अधिकृत प्रत आता उरली नाही, आणि फर्मवेअरची सूचना मिळते ती प्रणाली बसविणारास. खेड्यापाड्यांत बसविणारा एक आणि वापरणारा दुसरा असतो. त्या दुसऱ्यास आपल्या यंत्रात काय बंद पेटीत आहे हे कोण सांगणार? दान घेणाराला दानाचे स्वरूप कळले पाहिजे. न सांगता दिलेली सवलत ही पुढे सवय होते.

म्हणून प्रती वाटणाऱ्या मंडळींस आमची विनंती एवढीच: वाटा, अवश्य वाटा; पण सोबत चार ओळींची चिठ्ठी जोडा. सनदेचा प्रामाणिकपणा शेवटी त्या चिठ्ठीवरच टिकेल.